घरचा वार

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे हायब्रीड सुरू होतंय." मी वहीत 'नवीन हायब्रीड' असं लिहिलं आणि पिकाचं नाव सांगतील म्हणून पुढे जागा सोडली. बियाण्यांच्या कंपनीत चोवीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? शेजारी बसलेल्या, लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने वहीत डोकावून पाहिलं आणि हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली.

आठवड्याचे चार दिवस ऑफिसात यायचं आणि दोन दिवस घरून काम करायचं, त्याला हायब्रीड म्हणतात, असं मग साहेबांनी समजावून सांगितलं. माझ्या वाट्याला गुरुवार आणि शुक्रवार आले. लॅबला ही सवलत नव्हती. बी उगवतंय की नाही हे घरी बसून कसं बघणार? मैत्रिणीला वाईट वाटलं आणि मला, खरं सांगते, आनंद झाला.

आनंद होण्यासारखंच होतं. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून बोलतो. आमचं घर जुन्या जालन्यात, गल्ली इतकी चिंचोळी की ऑटो आत येत नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत चालायचं, धान्याच्या आडतींसमोर उभ्या असलेल्या हातगाड्या चुकवत शेअर ऑटो पकडायचा, कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, मग दुसरा ऑटो करून एमआयडीसीत पोचायचं. मे महिन्यात हे करताना डोक्यावरचा रुमालसुद्धा तापतो. आठवड्यातून दोन दिवस यातून सुटका, शिवाय दुपारी ताटात गरम भाकरी. नको कोण म्हणेल?

माझं काम दुकानदारांना माल रवाना करण्याचं. गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांचे फोन घ्यायचे, कोणाला कोणत्या वाणाच्या किती पिशव्या हव्यात ते टिपायचं, कोणता लॉट कोणत्या गाडीत घालायचा ते ठरवून गोदामाला कळवायचं. लॅपटॉप आणि फोन एवढ्यावर ते होतं. घरूनही होईल असं साहेबांना वाटलं, तसं मलाही वाटलं. घरी कोण आहे, याचा हिशेब मात्र दोघांनीही धरला नाही.

घरी माझे मिस्टर होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. अंबडची गाडी कितव्या फलाटावर लागली, परतूरची किती उशिरा येणार, हे सगळ्या स्टँडला माईकवरून सांगणारा आवाज त्यांचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. मी सकाळी नऊला बाहेर पडायचे ती संध्याकाळी साडेसहाला यायचे. तेवढा वेळ ते काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. पेपर वाचत असतील, झोपत असतील, एवढंच धरून चालले होते.

पहिल्या गुरुवारी उठले तर त्यांनी जेवणाचं टेबल पुसून खिडकीशी लावलेलं, वर धुतलेला पांढरा टेबलक्लॉथ. माझ्यासाठी खुर्ची आणि तिच्या शेजारी त्यांची खुर्ची. म्हटलं, हौस आहे, दोन दिवसांनी फिटेल.

ती फिटली नाही. मी फोनवर बोलायला लागले की ते पेपर खाली घ्यायचे. माझं बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे आणि मी फोन ठेवला की विचारायचे, "काय म्हणतो?" दर तासाला चहा. नको म्हटलं तरी चहा. तिसऱ्या आठवड्यापासून ते सल्ले द्यायला लागले. शहागडच्या दुकानाचा माल मी बीडच्या मालाबरोबर एकाच गाडीत लावला होता.

"वडीगोद्रीवरून आधी शहागड लागतं," ते म्हणाले. "बीडचा माल वर कशाला चढवून राह्यली? शहागडला उतरवताना सगळी गाडी रिकामी करावी लागेल."

आणि ते बरोबर होतं. माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे. चुकीचं बोलले असते तर मी झटकून टाकलं असतं. रस्ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, कुठला पूल अरुंद, कुठल्या गावात बाजाराच्या दिवशी गाडी अडकते, सगळं तोंडपाठ. मी मुकाट्याने गोदामाला फोन करून माल पुन्हा लावायला सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, आज लय बारीक विचार केला तुम्ही. मिस्टरांनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर बिस्किटं आणली.

ते एकटेच असते तरी निभावलं असतं. पण "तू घरीच आहेस ना" हे वाक्य सगळ्या गावाला मिळालं. सिलिंडरवाला येणार आहे, तू घरीच आहेस ना. समोरच्यांची किल्ली ठेवून घे, तू घरीच आहेस ना. माझी नणंद नव्या जालन्यात राहते. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, गुरुवारीच तिला भावाची आठवण यायची. येऊन ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची आणि मी कानाला हेडफोन लावलेला असताना मला विचारायची, की भाजी कोणती करतेस. एकदा चौदा लोकांच्या मीटिंगमध्ये माझ्या मागून मेथी निवडण्याबद्दलची चर्चा सगळ्यांना ऐकू गेली. साहेब फक्त म्हणाले, मॅडम, म्यूट करा.

आमच्या घराखाली आडत आहे, हमाल पोती टाकतात, त्याचा धप्प आवाज येतो. त्याची मला तीस वर्षांची सवय. पण फोनवरच्या माणसाला ती नसते. काय पडलं, असं तो विचारतो. दिवसातून वीस वेळा मी सांगायचे, काही नाही, तूर आहे.

ऑफिसात काय होतं ते मला तेव्हा कळायला लागलं. एक वाजता लॅबच्या मागच्या खोलीत आम्ही चौघी डबे उघडायचो. अर्धा तास. कोणाची सून, कोणाचं थायरॉईड, कोणाच्या डब्यातलं लोणचं. आणि ऑटोतला वेळ. येता-जाता मिळून तासभर मला कोणी काही विचारत नसे. भाजी नाही, किल्ली नाही, लॉट नंबर नाही. त्या तासाला मी चोवीस वर्षं कटकट म्हणत आले होते.

मेच्या शेवटी कपाशीच्या बियाण्याचा हंगाम ऐन भरात असतो. फोन ठेवला की वाजतो. त्यात एका शुक्रवारी ते घडलं.

कुंभार पिंपळगावच्या एका दुकानदाराला माल जायचा होता. त्यांच्याशी माझी अकरा वर्षांची ओळख, तीही फक्त आवाजाची. गाडी ठरली होती, सकाळी मी गोदामाशी बोलले तेव्हा मिस्टर शेजारीच होते. अकरा वाजता लॅबमधून मैत्रिणीचा निरोप आला, की त्या लॉटची उगवण कमी दिसतेय, पुन्हा तपासणी होईपर्यंत माल बाहेर काढू नका. मी गोदामाला तो लॉट थांबवायला सांगितलं. दुकानदाराला सांगणार तेवढ्यात साहेबांनी तातडीची मीटिंग लावली. मी लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. फोन बाहेर चार्जिंगला राहिला.

मीटिंग पन्नास मिनिटं चालली. बाहेर आले तर मिस्टर प्रसन्न बसलेले. म्हणाले, पिंपळगावचा फोन आल्ता, मी सांगून टाकलं.

"काय सांगितलं?"

"गाडी निघाली, घनसावंगीवरून साडेतीनपर्यंत पोचते म्हणून."

मी लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, व्यस्त. मध्येच दुसऱ्या चार जणांचे फोन आले आणि त्या गडबडीत माझा पुढचा प्रयत्न व्हायला पाच वाजले. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. त्या दिवशी तिथला आठवडी बाजार. आसपासच्या वस्त्यांवरून आलेल्या शेतकऱ्यांना दुकानदारांनी छातीठोक सांगितलं, की माल साडेतीनला येतोय, थांबा. माणसं बाजार उरकूनही थांबली. दुकानासमोर उन्हात बसली. साडेतीन झाले, साडेचार झाले. काहींच्या परतीच्या जीपा गेल्या. मग त्यांनी दुकानदारांना जे सुनवायचं ते सुनवलं आणि दुकानदारांनी ते जसंच्या तसं साहेबांना ऐकवलं.

साहेबांनी मला विचारलं, की मॅडम, लॉट थांबवल्यावर गाडी निघाल्याचं सांगितलं कोणी? दुकानदार म्हणतात, एका साहेबांनी सांगितलं. आपल्याकडे तर त्या भागाचं काम तुम्हीच बघता.

मी म्हणाले, मीच सांगितलं, आवाज नीट गेला नसेल, गैरसमज झाला. दुसरं काय सांगणार होते? कंपनीचा फोन माझा नवरा उचलतो, असं? शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर मेमो आला. चोवीस वर्षांतला पहिला. मैत्रिणीने वाचला आणि घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन मी तो मिस्टरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मी खोटं काय बोललो? गाडी तीच होती. टाइमही बराबर होता."

"गाडी होती, तिच्यात माल नव्हता."

"ते मला कसं कळणार?"

"तेच म्हणते मी. तुम्हाला कळणार नाही. ते कळायचे पैसे कंपनी मला देते." मला थांबता येईना. "तुम्ही स्टँडवर होता तेव्हा मी कधी येऊन तुमचा माईक हातात घेतला का?"

त्यांनी मेमोची परत घडी घातली, ती उलटी पडली, पुन्हा नीट घातली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढच्या गुरुवारी मी उठले तेव्हा टेबल खिडकीशी होतं, खुर्ची एकच होती आणि ते घरात नव्हते. एक वाजता जेवायला आले, जेवले आणि पुन्हा गेले. उन्हातानाचे कुठे जाता विचारलं, तर म्हणाले, स्टँडवर बसतो, ओळखीची पोरं आहेत. मला हवी होती ती शांतता मिळाली. ती मला सोसेना. दर अर्ध्या तासाला माझं लक्ष दाराकडे जायचं आणि लक्ष गेलं की स्वतःचाच राग यायचा. म्हणजे माझं काम आता दोन्हीकडून बुडायला लागलं.

मग मी ठरवलं, घरच्या दिवशीही ऑफिसात जायचं. कोण अडवतंय? पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी नऊला निघाले. गेटवरच्या मशीनवर अंगठा लावला. लाल दिवा. पुसून पुन्हा लावला. पुन्हा लाल. वॉचमन माझ्या वयाचाच, वर्षानुवर्षं मला नमस्कार करणारा. तो संकोचून म्हणाला, "मॅडम, आज तुमचा घरचा वार हाय. मशीन घेणार न्हाई." त्याने वहीत नाव लिहून मला आत सोडलं, पाहुणी म्हणून. 'कोणाकडे' या रकान्यात काय लिहू, असं त्याने मलाच विचारलं.

आत माझ्या खुर्चीवर मार्केटिंगचा एक मुलगा बसला होता. गुरुवार-शुक्रवार ती जागा त्याची. तो लगबगीने उठला, बसा ना मॅडम म्हणाला आणि मग आम्ही दोघंही उभे राहिलो. माझ्या ड्रॉवरमधला कप आणि स्वेटर एका खोक्यात घालून कपाटावर ठेवलेले. हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, जिथे पूर्वी टेबलं होती, तिथे छापलेल्या रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे रचले होते. मी साहेबांकडे गेले. मला ही सवलत नको, सहाही दिवस येते, असं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. पण त्यांना ते समजेचना. ते म्हणाले, मॅडम, लोक ही सवलत मागून घेतात आणि तुम्ही परत करताय? जागाच नाही आता. शिवाय तुमच्या गुडघ्याला बरं ना?

गुडघ्याला बरं होतं, हे नाकारता येईना. मी दुपारी लॅबमध्ये डबा खाल्ला आणि घरी आले.

याच सुमारास माझ्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई कुंभार पिंपळगावला राहते, त्याच दुकानदारांच्या गावात; पण इतक्यांदा जाऊनही मी कधी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. पूर्वी असं काही निघालं की रजेसाठी हातापाया पडावं लागे, हंगामात तर ती मिळतही नसे. या वेळी मी साहेबांना विचारलं, की सलग आठ दिवस तिकडून काम केलं तर चालेल का. चालेल म्हणाले. लॅपटॉप घेऊन एसटीत बसले. हा फायदा मी कबूल करते. आईच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, ते मी घातले आणि एकही गाडी चुकू दिली नाही.

तिथे मला आणखी एक गोष्ट दिसली, ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. आईने पहिल्याच दिवशी मधल्या खोलीत माझ्यासाठी पलंग आणि लॅपटॉप ठेवायला पाट मांडून दिला आणि स्वतः एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून दारातल्या खुर्चीवर बसली. शेजारची बाई मला भेटायला आली. आई तिला म्हणाली, "ती ऑफिसात हाय. सहाला ये."

"अहो, ती काय दिसून राह्यली की आत."

"दिसू दे. ऑफिसात हाय."

आई चौथीपर्यंत शिकलेली. हायब्रीड म्हणजे काय ते तिला कोणी समजावलं नव्हतं. बाई सहाला आली.

चौथ्या दिवशी काम संपल्यावर मी त्या दुकानात गेले. राजस्थानातून पणजोबांच्या वेळी आलेलं घराणं, आता आमच्याहून अस्सल इथलं झालेलं. काउंटरमागे साठीचे गृहस्थ. मी कंपनीचं नाव सांगितलं, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि ते उठून उभे राहिले. अकरा वर्षांनी आम्ही एकमेकांची तोंडं पाहत होतो. मला ते लठ्ठ असतील असं का कोण जाणे वाटलं होतं. ते काडीसारखे होते.

मी माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि शांतपणे बोलले, ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"मॅडम, माल न्हाई तर न्हाई म्हना. उशीर असंल तर उशीर म्हना. पन जे सांगता ते बराबर सांगा. तुम्ही सांगितलेलं मी पुढं शंभर लोकाला सांगतो, मंग ते माझं तोंड बघतात, तुमचं न्हाई."

मग त्यांनी विचारलं, की ते साहेब कोण होते, आवाज फार दमदार होता. साहेबांपासून लपवलेलं मी त्यांना सांगून टाकलं. माझे मिस्टर, स्टँडवर माईकवर असायचे. ते माझ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले, तरीच, आवाज ऐकल्यासारखा वाटला होता. जालन्याला खरेदीला जायचो तेव्हा परतीची गाडी तेच सांगायचे. त्या आवाजाने सांगितलं म्हणूनच मी बिलकुल शंका घेतली नाही.

परत आल्यावर मी हे मिस्टरांना सांगितलं. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, उन्हात किती लोक होते? मी म्हणाले, मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या फोनला हात लावलेला नाही. शहागडच्या गाडीबद्दलही ते काही बोलत नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, की परतूर आणि मंठा एका गाडीत घेऊ का. ते म्हणाले, तुझं तू बघ. मी बघितलं, आणि ते चुकलं.

आमचं दोघांचं आता एक वेळापत्रक बसलं आहे. गुरुवारी आणि शुक्रवारी ते अकराला बाहेर पडतात, एकला जेवायला येतात, चारनंतर परततात. पावसाळ्यातही. घर दोघांचं आहे आणि माझ्या नोकरीपायी त्यातून त्यांना आठवड्यातले दोन दिवस बाहेर काढावं लागतं, हे मला पटत नाही. त्यांना घरात ठेवून काम होत नाही, हेही तितकंच खरं. नणंदेला मी आईचं वाक्य ऐकवून पाहिलं. ती म्हणाली, ऑफिसात आहेस तर चप्पल का नाही पायात? आणि बसली.

मागच्या महिन्यात नोटीस लागली. घरच्या दिवसांचा अनुभव उत्तम आल्यामुळे आता तीन दिवस ऑफिस, तीन दिवस घर. माझ्या गुरुवार-शुक्रवारात बुधवारची भर पडली. माझा अनुभव कोणी विचारला नव्हता. मी शनिवारी कागदावर अर्ज लिहिला, की मला पूर्ण आठवडा ऑफिसात येऊ द्यावं, जागा नसेल तर लॅबच्या मागच्या खोलीत बसेन. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, हे माझ्या हातात नाही, मनुष्यबळ विभागाच्या बाईंना द्या. मी बाईंच्या केबिनपाशी गेले तर केबिनला कुलूप. त्यांचा शनिवार घरचा आहे असं कळलं. सोमवारी गेले, तोही त्यांचा घरचा, मंगळवारही. अर्ज अजून माझ्या पर्समध्ये आहे. बुधवारी त्या येतात म्हणे.